धरणगांव ते पाल : एका रस्त्याची हकीकत

गेल्या माघ महिन्यांत मी धरणगांवाहून सातपुड्यांतील पाल या गांवीं सायकलीनें गेलों. साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या मनुष्यानें शंभराहून अधिक किलोमीटर सायकल हांकली, एवढ्यावरून आपणांपुढें भाषण करण्याचा अधिकार प्राप्त होतो असें मी मानीत नाहीं. परंतु त्या दोन दिवसांत माझ्या चाकांखालून जो रस्ता सरकत गेला, त्याचा इतिहास मीं पूर्वीं ग्रंथांतून वाचलेला होता. आणि तो किती अपुरा वाचला होता, हें मला घाटाच्या चढणीवर धापा टाकीत असतांना प्रथमच कळलें. तो इतिहास आज सांगावा असा विचार आहे.

आपणांपैकीं पुष्कळांनीं खानदेश पाहिला असेल तो आगगाडीच्या खिडकींतून. सुरत-भुसावळ मार्गावर धरणगांवचें स्टेशन लागतें. हवा स्वच्छ असेल तर तेथून उत्तरेकडे, काळ्याभोर शेतांच्या पलीकडे, एक निळसर रेघ दिसते. तो सातपुडा. धरणगांवाहून तापी ओलांडून चोपडें, तेथून डोंगराच्या पायथ्यापायथ्यानें पूर्वेस अडावद, यावल, फैजपूर, आणि तेथून उत्तरेस वळून खिरोद्यावरून घाटानें पाल, असा आमचा मार्ग होता. ‘आमचा’ म्हणण्याचें कारण, बरोबर माझा भाचा होता. त्यानेंच मला या उद्योगास प्रवृत्त केलें. “मामा, तुम्हांला सहज जमेल,” असें तो म्हणाला. तरुण माणसें ‘सहज’ हा शब्द फार सहज वापरतात.

सायकल हें वाहन आपल्याकडे जुनें वाटतें, पण इतिहासाच्या मापानें तें कालचें आहे. दोन्ही चाकें सारख्या आकाराचीं आणि मागच्या चाकाला सांखळीनें गति देणारी, अशी आजच्या घडणीची सायकल इंग्लंडांत १८८५ सालीं बाजारांत आली. हवा भरलेला टायर १८८८ सालचा. त्यानंतर दहा वर्षांच्या आंतच फॅनी वर्कमन नांवाची एक अमेरिकन स्त्री आणि तिचा पति हिंदुस्थानांत सायकलीवरून हिंडूं लागलीं. १९०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नांवांतच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. देवळांच्या शिल्पांविषयीं बाई मनापासून लिहितात, नोकरांविषयीं आणि मुक्कामाच्या बंगल्यांविषयीं मात्र त्यांची कुरकूर संपत नाहीं. ज्याच्या हातीं साहेबाची टोपी होती त्याला त्या काळीं कोणताही रस्ता मोकळा होता. इतरांना तो तसा होता काय, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाहीं. मला तो पडला, आणि प्रवासभर त्यानें पाठ सोडली नाहीं.

धरणगांवापासूनच प्रारंभ करूं. बालकवि ठोंबरे यांचें हें जन्मग्राम, १८९० सालचें, एवढें रसिकांस ठाऊक असतें. पण त्याच्याहि सव्वादोनशें वर्षें आधीं हें गांव कापडासाठीं दूरवर प्रसिद्ध होतें. सुरतेहून बऱ्हाणपुरास आणि तेथून आग्र्यास जाणारा मोगलांचा व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यांतूनच जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ सालीं याच खोऱ्यांतून बऱ्हाणपुरास गेला. पुढें १६७४ च्या सुमारास इंग्रजांनीं धरणगांवीं आपली वखार घातली. दुसऱ्याच वर्षीं शिवाजीमहाराजांच्या फौजेनें ती लुटली, १६७९ सालीं पुन्हां या गांवावर मराठ्यांची धाड आली, आणि १६८५ सालीं संभाजीराजांच्या फौजेनें तेंच केलें. दहा वर्षांत तीन वेळां लूट व्हावी, याचा अर्थ गांवांत तीन वेळां लुटण्याजोगें कांहीं तरी होतें असाहि होतो. व्यापारी ज्या वाटेनें येतो त्याच वाटेनें घोडदळहि येतें.

मात्र ही झाली खोऱ्यांतील वाट. डोंगरांतील वाटांची गोष्ट निराळी होती. सातपुडा ओलांडून निमाडांत उतरावयाचें तर खिंडींतून जावें लागे, आणि खिंडी होत्या भिल्ल नाईकांच्या ताब्यांत. प्रवाशाचें, तांड्याचें, बैलांच्या लमाणाचें रक्षण नाईकानें करावें, आणि त्याबद्दल त्याला ठरीव हक्क मिळावा, अशी जुनी रीत होती. ‘रखवाली’ हा शब्द त्याच रीतींतला. ज्याला हक्क मिळाला नाहीं तो वाट अडवी, हेंहि तितकेंच खरें. पेशवाईच्या अखेरीस खानदेशांत जी अंदाधुंदी माजली तिच्यांत या रिवाजाची घडी पार विस्कटली. १८१८ सालीं प्रांत इंग्रजांच्या हातीं आला तेव्हां त्यांस या डोंगरांत दिसले ते केवळ लुटारू. नाईकांस मात्र आपण वाटेचे मालक आहों असें वाटत होतें. कांहीं नाईकांस नव्या सरकारनें तनखे दिले, कांहींवर फौजा पाठविल्या, आणि सात वर्षें दोहोंपैकीं कशाचाच नीट उपयोग झाला नाहीं.

अशा वेळीं १८२५ सालीं जेम्स आउटरम हा बावीस वर्षांचा लेफ्टनंट धरणगांवीं आला. भिल्लांचीच पलटण उभारावी आणि तिच्याकडून भिल्लांचा बंदोबस्त करवावा, ही एल्फिन्स्टनच्या काळची योजना. ती पार पाडण्याचें काम या तरुणाकडे आलें. त्यानें काय केलें हें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. पहाऱ्यावांचून तो रानांत नाईकांच्या वस्तीवर जाऊन राहिला, त्यांना ब्रँडी पाजली, त्यांच्याबरोबर शिकार केली, आणि शेवटीं पांच धाडसी भिल्ल त्याच्याबरोबर यावयास तयार झाले. या पांचांची थोड्याच वर्षांत शेंकडोंची पलटण झाली. धरणगांव हें तिचें ठाणें. १८३५ सालीं आउटरम येथून गेला. पुढें तो सर झाला, जनरल झाला, लखनौच्या वेढ्यांत त्याचें नांव गाजलें.

इंग्रज चरित्रकारांनीं आउटरमच्या या दहा वर्षांचें वर्णन एखाद्या पुराणकथेसारखें केलें आहे. रानटी लोकांस त्यानें प्रेमानें माणसाळविलें, असा त्यांचा एकंदर सूर. त्याच्या धैर्याविषयीं मला शंका नाहीं. पण या योजनेचें मर्म प्रेम हें नव्हतें. ज्यांच्या हातीं खिंडी होत्या त्यांतल्याच कांहींना गणवेष आणि दरमहा पगार देऊन इतरांवर घालावयाचें, हें तें मर्म. १८३१ सालीं यावल आणि सावदें या परगण्यांतील दरोड्यांच्या तपासासाठीं आउटरम गेला तेव्हां शेंकडों माणसें पकडण्यांत आलीं. ती स्वारी ज्या मुलुखांत झाली, त्याच मुलुखांतून दुसऱ्या दिवशीं आम्ही केळीच्या बागा पाहात, सावलींत थांबत, गेलों.

आणखी एक आंकडा सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत आउटरम आणि त्याचे सोबती यांनीं जी शिकार केली तिची टिपणी त्याच्या चरित्रांत आली आहे. आउटरमच्या समक्ष मारले गेलेले वाघ १९१. अस्वलें आणि रानरेडे आणखी निराळे. आज यावलच्या रानांत बिबट्या आहे, अस्वल आहे, नीलगाय आणि रानडुक्कर आहे. जिल्ह्याच्या पूर्व टोंकास मुक्ताईनगरच्या बाजूला वढोद्याच्या वनांत वाघाचा वावर आढळल्याचें अलीकडच्या वर्षांत पुन्हां ऐकूं येऊं लागलें, तर वर्तमानपत्रांत ती बातमी ठळक अक्षरांत छापतात. एका माणसाच्या दशवार्षिक टिपणींत १९१, आणि आज एकाच्या पाउलखुणेची बातमी!

असो. पहांटे आम्ही निघालों. तापीचा पूल ओलांडतांना सूर्य वर आला होता. नदीच्या उत्तरेची जमीन इतकी सपाट आणि इतकी काळी कीं सायकलस्वारास आपण स्थिर आहों व शेतेंच मागें जात आहेत असा भास व्हावा. हा भास माझ्या पुढच्या टायरांत बाभळीचा कांटा गेला तेथें संपला. खानदेशांत सायकल चालविणाराचा खरा शत्रु चढण नव्हे, ऊन नव्हे; बाभूळ. भाच्यानें दहा मिनिटांत ट्यूब बदलली आणि मला पंप मारावयास दिला, बहुधा मला कांहीं तरी काम असावें म्हणून.

चोपड्याच्या पुढें डोंगर उजळ दिसूं लागतो आणि मग उत्तरेस डाव्या हाताला तो दिवसभर सोबत करतो. हा रस्ता अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्ग म्हणून ओळखला जातो. सातपुड्यांतून उतरून तापीस मिळणाऱ्या गूळ, मोर, सुकी या नद्या या पट्ट्याला पाणी पुरवितात. अडावदच्या उत्तरेस डोंगराच्या कुशींत उनपदेव म्हणून उन्हाळ्याचें, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्याचें, स्थान आहे. गोमुखांतून पाणी कुंडांत पडतें. शरभंग ऋषींची कथा तेथें सांगतात. वांकडी वाट करून आम्ही तेथें गेलों व थकलेले पाय त्या पाण्यांत सोडून बसलों. त्या अर्ध्या तासाचें वर्णन करण्याचा मोह आवरतों.

या पायथ्यावर मुख्यतः तडवी भिल्लांची वस्ती आहे. हे धर्मानें मुसलमान, पण कुळाचारानें, नांवांनीं व रानाशीं असलेल्या संबंधानें भिल्लच. वर डोंगरांत पावरा आणि बारेला. १८५७ च्या उठावांत सातपुड्यांतील भिल्ल उठले; सेंधव्याच्या घाटांत आग्रा रस्त्याची रखवाली करणारा खाज्या नाईक हा त्यांचा प्रमुख होता. ज्याला सरकारनें वाट राखावयास ठेविलें होतें त्यानेंच सरकारी खजिना त्या वाटेवर लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजीं अंबापाणीच्या लढाईंत शेंकडों भिल्ल मारले व पकडले गेले, आणि १८६० सालीं खाज्या नाईक दग्यानें मारला गेला. तो सारा प्रकार आमच्या मार्गाच्या पश्चिमेस घडला. पण त्याचा परिणाम साऱ्या सातपुड्यावर झाला. नाईकांचा वाटेवरील हक्क त्यानंतर कोणी उच्चारला नाहीं.

आणि मग बंदुकीनें जें झालें नव्हतें तें कायद्यानें झालें. १८७८ च्या वन-अधिनियमानें सरकारला रानें ‘राखीव’ करतां येऊं लागलीं. राखीव म्हणजे कोणासाठीं राखलेलीं, हें त्या शब्दांत सांगितलेलें नसतें. सागाचें लांकूड रेल्वेस आणि बांधकामास हवें होतें. रान भाजून तेथें पेरणी करणें हा गुन्हा झाला. मोहाचीं फुलें, डिंक, चारोळी, टेंभुर्णीचीं पानें, अंजनाचा पाला हीं जन्मजात हक्काचीं होतीं तीं परवानगीचीं झालीं. स्वातंत्र्यानंतरहि ही चौकट फारशी बदलली नाहीं. १९६९ सालीं यावलचें अभयारण्य जाहीर झालें, सुमारें पावणेदोनशें चौरस किलोमीटरांचें. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. रान वांचलें तें पुष्कळसें या कायद्यांमुळें, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. आउटरमची टिपणी वाचलेल्या माणसास तरी तें नाकारतां येणार नाहीं.

यावलचा मुक्काम आटोपून दुसऱ्या दिवशीं सकाळीं फैजपूर गांठलें. खेड्यांत भरलेलें काँग्रेसचें पहिलें अधिवेशन तें येथलें, डिसेंबर १९३६ मधलें. पंडित नेहरू अध्यक्ष होते. त्याविषयीं आपण पुष्कळ ऐकलें असेल, म्हणून पुढें जातों. फैजपुराहून खिरोदें; त्या अधिवेशनासाठीं ज्यांनीं जिवाचें रान केलें ते धनाजी नाना चौधरी याच खिरोद्याचे. गांव मागें पडलें कीं केळीच्या बागा हळूहळू विरळ होतात, जमीन तांबूस व दगडी होते, अंजनाचीं झाडें दिसूं लागतात आणि रस्ता वर चढूं लागतो.

या घाटांतून मोटारीनें मी पूर्वीं दोनदां गेलों होतों. त्या वेळीं मला एवढेंच आठवलें होतें कीं वळणें फार आहेत. सायकलीवर मात्र प्रत्येक वळणाला आपला निराळा वास असतो. माघांत पानगळ सुरू झालेली असते; सागाचीं मोठालीं पानें रस्त्यावर पडून वाजत असतात, धावड्याचीं व सालईचीं खोडें उघडीं पडलेलीं असतात, आणि मधूनच एखादा पळस फुलावयास लागलेला असतो. ताशीं सहा-सात किलोमीटर या वेगानें जातांना पक्ष्यांचा आवाज ऐकूं येतो, आणि आपल्या स्वतःच्या छातीचा तर फारच ऐकूं येतो. भाचा पुढें जाऊन वळणावर थांबे व मला न दुखावतां वाट पाहात असल्याचें लपवी.

येथेंच मला त्या वन्यजीव कायद्यांतील एक कलम आठवलें. अभयारण्यांत परवानगीवांचून कोणीं प्रवेश करूं नये असें तें सत्ताविसावें कलम सांगतें, आणि मग अपवाद देतें. कामावरील सरकारी नोकर, ज्यांना आंत राहण्याची मुभा दिलेली आहे ते, ज्यांचा आंत स्थावर मिळकतीवर हक्क आहे ते, आणि सार्वजनिक रस्त्यानें पार जाणारा प्रवासी! श्रोतेहो, जरा विचार करा. मी पुण्याहून आलेला मनुष्य. या रानाशीं माझें कसलेंहि नातें नाहीं. तरी डांबराच्या या अरुंद पट्टीवर मी आहें तोंवर मला कोणी विचारूं शकत नाहीं. पट्टी सोडून चार पावलें रानांत टाकलीं कीं मी अपराधी. आणि ज्याचा पणजोबा त्या खिंडीची रखवाली करी, त्याच्या नातवाला त्याच रानांत आपला हक्क कागदावर सिद्ध करण्यासाठीं २००६ सालच्या वनहक्क कायद्याची वाट पाहावी लागली.

पालच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही चहा घेतला. टपरी एका वृद्ध तडव्याची होती. “बाबा, हा रस्ता रुंद होणार आहे म्हणे?” असें भाच्यानें विचारलें. त्याच्या प्रश्नांत काळजी होती. शहरांतील सायकलस्वारांस अरुंद, शांत, झाडांच्या सावलींतले रस्ते हवे असतात. म्हातारा हंसला. “व्हावा कीं,” तो म्हणाला, “सुनेला बाळंतपणाला न्यायचं तर गाडी वेळेवर पोंचेल.” मग थोड्या वेळानें म्हणाला, “पण मग मोटारी नुसत्या निघून जातील. तुम्ही सायकलवाले थांबता, पाणी मागता, वाट विचारता.” त्याच्या शेताचा कागद त्याला मिळाला आहे, जितकें तो कसतो तितकें त्यांत नाहीं, एवढेंच तो बोलला, आणि कपबशा विसळूं लागला.

भाच्यानें मला वाटेंत फ्रान्सच्या दक्षिणेकडील कामार्ग नांवाच्या प्रदेशाची गोष्ट सांगितली होती. ऱ्होन नदी भूमध्य समुद्रास मिळते तेथें दलदल आणि खाजणें आहेत. १९२७ पासून त्यांचा कांहीं भाग निसर्गासाठीं राखलेला आहे. समुद्र शेतांत शिरूं नये म्हणून एकोणिसाव्या शतकांत तेथें लांबलचक बांध घालण्यांत आला. आज त्या बांधावरून मोटारींना मनाई आहे; सायकली आणि पायीं चालणारे मात्र जातात, दोन्ही बाजूंस रोहित पक्ष्यांचे थवे पाहात. ‘आपल्याकडे असें कां नको?’ असें भाच्याचें म्हणणें. टपरीवर बसेपर्यंत मलाहि तें पटलें होतें. पण तो बांध कोणाच्या बाळंतिणीच्या वाटेवर नव्हता. मोटार बंद करण्याचा निर्णय ज्यांच्यापाशीं मोटार आहे त्यांनीं, ज्यांच्यापाशीं ती कधींच नव्हती त्यांच्या वतीनें घ्यावा, हें मला आतां तितकें सोपें वाटत नाहीं. रात्रीं जनावरें रस्ता ओलांडतात तेव्हां वाहनांस अटकाव करावा, वेगाला आळा घालावा, यांत मात्र मला दुमत दिसत नाहीं. त्या म्हाताऱ्यालाहि दिसलें नाहीं. बिबट्या त्याच्या शेळ्या नेतो, तरीहि तो म्हणाला, “गाडीखालीं मेलेलं जनावर बघवत नाहीं.”

पाल हें सुकी नदीच्या खोऱ्यांत चोहोंबाजूंनीं डोंगरांनीं वेढलेलें गांव आहे. संध्याकाळीं चारच्या सुमारास आम्ही पोहोंचलों. उत्तरेस तोच रस्ता शेरी नाक्यावरून मध्य प्रदेशांत, खरगोण जिल्ह्यांत उतरतो. उजेड होता म्हणून नाक्यापर्यंत जाऊन आलों. तेथें एक आडवा बांबू होता. लांकडाच्या गाड्या, ट्रक थांबवून पाहणी होते. आमच्या सायकलींसाठीं तो कोणीं खालीं केला नाहीं, वर तर मुळींच करावा लागला नाहीं; बाजूच्या फटींतून आम्ही गेलों आणि तसेच परत आलों. डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेल्या दोन पावरा बायका त्या वेळीं नाक्याच्या अलीकडे रस्ता सोडून पायवाटेनें रानांत उतरल्या.

दुसऱ्या दिवशीं रावेरपर्यंत उतार होता. रावेरच्या स्टेशनांत सायकली लगेजमध्यें चढवून आम्ही भुसावळची गाडी धरली, आणि भुसावळीं गाडी बदलून दुपारीं धरणगांवास उतरलों.